नव्या तांदळाची डेग

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं आईची बाळंतपणं आणि माझ्या कडेवर भावंडं, त्यात पाटी सुटली ती सुटलीच. सगळा जन्म हातात कलथा धरला, त्यामुळं पेन धरलं की बोटं आखडतात आणि ओळ डोंगर चढल्यासारखी वर वर जाते. वाचणाऱ्यानं मान जरा तिरकी करून वाचावं.

तसं वाचणार कोण, हाही प्रश्नच आहे. उंबराच्या वाडीच्या शाळेत दर दिवाळीला हातानं लिहिलेला अंक काढतात. तिथले गुरुजी म्हणाले, "भाभी, तुम्ही वनजमिनीच्या आंदोलनात होता. तुमच्या कामाबद्दल चार पानं द्या." मी नको म्हटलं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी चुलीमागं जाऊन बसते. घरी आले, भांडी लावली, आणि मग कुणाला न सांगता लिहायला बसले. देईन की नाही, ते लिहून झाल्यावर बघू.

आंदोलनात होते म्हणजे मी स्वयंपाक करत होते. घोषणा एकही दिली नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

माझं काम मोठ्या स्वयंपाकाचं. लग्न, कंदुरी, चाळिसावा, दहावा, कुणाचं काही असलं आणि घरच्या चुलीला झेपत नसलं की मला बोलावणं येतं. माझं माहेर भिंगारचं. अब्बा तिथं मिलिटरीच्या लंगरात आचारी होते. सुट्टीच्या दिवशी ते लोकांच्या लग्नात डेग चढवायचे आणि मला सोबत न्यायचे. त्यांनी मला कधी माप शिकवलं नाही. म्हणायचे, "वऱ्हाड चालत आलंय का गाडीनं, ते आधी बघ, मग तांदूळ घाल." चालत आलेला माणूस दुप्पट जेवतो. माझं लग्न होऊन मी नगर जिल्ह्याच्या पश्चिमेला डोंगराळ डांगाणात आले, तेव्हा हे फार उपयोगी पडलं. इकडं सगळेच चालत येतात.

आमच्या घरच्यांचा धंदा डेगी, पातेली, सतरंज्या भाड्यानं द्यायचा. आमच्यात डेगेवर पुरुष असतात. पण एका लग्नात आचारी आदल्या दिवशीची पिऊन झोपला तो उठेचना. नवरीचा बाप रडकुंडीला आलेला. हे मला म्हणाले, "शकीला, तुझ्या अब्बांचं काही आठवतंय का?" मी पदर खोचला. त्या दिवसापासून मी डेगेवर आहे. सुरुवातीला लोक म्हणायचे, बाई डेगेवर नको. जेवल्यावर म्हणेनासे झाले.

बाहेरच्यांना वाटतं मोठा स्वयंपाक म्हणजे घरचाच स्वयंपाक, फक्त जास्त. तसं नसतं. घरच्या चुलीत जाळ घालता यायला लागतो, डेगेखालून जाळ काढता यायला लागतो. डेग एकदा तापली की स्वतःच्याच उष्णतेनं शिजत राहते. तुम्ही भात शिजायची वाट बघत बसलात तर तळाला करपलाच म्हणून समजा. तो अर्धा कच्चा असताना लाकडं ओढायची आणि निखारा झाकणावर टाकायचा. त्या वेळी बघणारा हमखास ओरडतो, "अहो, विस्तव काय काढताय!" त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एका कंदुरीत नवसाचा बोकडच दावं चावून पळाला आणि उसात शिरला. माझा मसाला तयार, जाळ तयार, पानं मांडलेली, नुसता बोकड नाही. यजमान म्हणाले, बाजारातनं मटण आणू. त्यांची म्हातारी म्हणाली, "नवस त्या बोकडाचा बोललेय, तोच पाहिजे." सगळे पाहुणे चांगल्या कपड्यांनी उसात. दिवस मावळायला जेवणं झाली, आणि इतके चवीनं जेवलेले पाहुणे मी परत बघितले नाहीत. दुसरे एक सावकार घराण्यातले. पोरीच्या लग्नात माझ्या मागं उभं राहून डाळीत स्वतः पाणी ओतत होते. मी लाजरी, काही बोलले नाही. नुसती मोठ्या डावानं ढवळत राहिले. व्याही जेवायला बसल्यावर म्हणाले, "डाळ आहे का नदी?" तेव्हा ते माझ्याकडं बोट दाखवायला लागले. त्या घरी मी परत गेले नाही.

आता वाडीकडं येते.

डेगेला लाकूड लागतं आणि लाकूड हौसाबाई आणायची. हौसाबाई पथवे, उंबराच्या वाडीची, ठाकर समाजाची. माझ्याच वयाची, पण काटक. पहाटे डोंगरावरून निघायची आणि बाजाराच्या दिवशी माझ्या दारात मोळी टाकायची. कधी कधी मोकळ्या हातानं यायची आणि म्हणायची, "आज गार्डानं घेतली." म्हणजे वनखात्याच्या माणसानं मोळी ठेवून घेतली. मग मी चहा करायचे. आमचं बोलणं कमीच. तिलाही बोलायला लागत नाही आणि मलाही नाही. अशी आमची ओळख बरीच वर्षं.

तिची वाडीच्या वरच्या अंगाला उतारावर थोडी जमीन होती. नाचणी, वरई पिकायची. तिच्या सासऱ्याच्या आधीपासून कसत होते, बांध रचलेले होते, पण कागदावर ते जंगल. मग वनहक्काचा कायदा आला. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला त्याच्या नावानं जमीन मिळेल असं त्यात होतं. वाडीतल्या सगळ्यांनी दावे भरले. हौसाबाईचा नवरा वारलेला, तिनं तिच्या नावानं भरला. पण दावा पुढं जायचा तर कचेरीतल्या माणसांनी जमिनीवर येऊन बघायला आणि मोजायला हवं. कोणी येईना. वाडीचा चढ दमवणारा आहे, गाडी जात नाही. कागद कचेरीत पडून. आणि तेवढ्यात कळलं की दिवाळी झाली की वनखातं त्या उतारावर झाडं लावायला खड्डे खणणार, आणि सुरुवात हौसाबाईच्या बांधापासून. खड्डे पडले की जमीन मोजायला उरणारच नव्हती.

वाडीत एक निवृत्त शिक्षक होते, मेंगाळ मास्तर, त्यांच्यातलेच. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. ठरलं की बाजारगावातल्या, दावे बघणाऱ्या मोठ्या साहेबांच्या कचेरीसमोर जाऊन बसायचं. मोजणीची तारीख हातात पडेपर्यंत उठायचं नाही.

हौसाबाई मोळी टाकायला आली आणि उंबऱ्यावर बसून म्हणाली, "भाभी, आमी समदी कचेरीपुढं बसनार हाय. म्हातारी-कोतारी, बाया, लेकरं. शिधा आमचा, लाकूड आमचं. तू शिजवशील का?"

मी यांच्याकडं बघितलं. हे सतरंजी झटकत होते. म्हणाले, "लग्नं नाहीत, डेगी पालथ्याच पडल्यात. ने. भाडं नको." मग सतरंजीची घडी घालत म्हणाले, "पण तू एवढ्या लोकांत बसशील?"

"मी डेगेमागं बसेन," मी म्हटलं.

कचेरीसमोर कडुलिंबाचं मोठं झाड आहे. तिथं लोक बसले आणि कडेला भिंतीच्या आडोशाला मी तीन दगड मांडले. पहिल्याच दिवशी मी आपल्या सवयीनं डाळीला भरपूर तेल आणि गरम मसाला घातला. म्हटलं, बिचारे डोंगरावरून आलेत, चांगलं खाऊ घालावं. कोणी नाव ठेवलं नाही, पण रात्री म्हाताऱ्यांची पोटं बिघडली. सकाळी मेंगाळ मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "भाभी, तुमचा हात मोठा हाय, मनबी मोठं हाय. पण आमच्या मानसांना काय वाढायचं, ते आमाला इचारत जा."

मी मान डोलावली. मला वाटलं, मला मसाल्याचं कळलं. पुरतं कळलं नव्हतं, ते पुढं दिसेल.

दिवस जायला लागले. बायका गाणी म्हणायच्या, पोरं झाडाखाली खेळायची. साहेब खिडकीतून बघायचे आणि आत जायचे. शिपायाकडून बातमी आली की साहेब म्हणतात, वाघबारस आली की ही माणसं आपोआप घरी जातील. ते खरंच होतं. दिवाळीच्या आधी वाघबारस येते, त्या दिवशी वाडीतला माणूस वाडीतच पाहिजे. वाघोबाची पूजा चुकवायची नाही. म्हणजे सगळे सणाला परत जाणार, सण झाला की खड्डे पडणार, आणि हे बसणं फुकट. मास्तरांच्या चेहऱ्यावर ते दिसायला लागलं होतं.  हौसाबाई एकटीच डोंगराच्या दिशेनं बघत बसायची.

त्याच सुमाराला बाजारातले एक पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ पान चघळत झाडाखाली आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रे, मुसलमानिणीच्या डेगेतलं खाताय व्हय? बाटलात म्हणजे आमच्याकडं येऊ नका."

माझ्या हातातला डाव थांबला.

हौसाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "दादा, एवढी वर्सं तुमच्या दारावरनं मोळ्या नेतेय. तुमच्या डेगेतलं कवा मिळालं न्हाई, म्हनून हिच्या डेगेतलं खातो. तुमी चढवा की एक, तुमचंबी खाऊ."

सगळे हसले. ते गृहस्थ पिंक टाकून निघून गेले. पण ते बोलणं माझ्या मनात राहिलं.

शिधा संपत आला होता. वाडीतून आणलेला तांदूळ जुना, जाडा, त्यात वरईची भर. लोक मुकाट्यानं खायचे. मी गिरणीवर पीठ आणायला गेले तेव्हा तिथं हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताचा नवा तांदूळ नुकताच भरडून ठेवलेला होता. ओंजळ भरून वास घेतला. काय सांगू, सगळी गिरणी दरवळत होती. मला वाटलं, या लोकांना एक दिवस असा भात घालावा. उद्या-परवा हरून घरी जायचंय त्यांना, निदान गोड घास खाऊन जाऊदेत. गिरणीवाले शेठ म्हणाले, "घेऊन जा भाभी, पैसे सवडीनं द्या." मी अख्खं पोतं उधारीवर उचललं. यांना सांगितलं नाही. मास्तरांना तर नाहीच. मला ते सगळ्यांना अचानक दाखवायचं होतं.

नव्या तांदळाचा भात डेगेत करणं सोपं नाही. जुना तांदूळ पाणी पितो, नवा पीत नाही. जरा पाणी जास्त झालं की लगदा, आणि डेगेत लगदा झाला की फेकूनच द्यायचा. अब्बा म्हणायचे, नवा तांदूळ लहान लेकरासारखा, नजर काढायची नाही. मी नजर काढली नाही. पाणी निम्म्यानं कमी धरलं, लवकर जाळ ओढला, झाकणाला कणीक लावली. दुपारी झाकण उघडलं तर एकेक शीत मोकळं आणि वास थेट कचेरीच्या व्हरांड्यापर्यंत. माझ्या सगळ्या जन्मात नव्या तांदळाची अशी डेग मला दोनदाच साधली, त्यातली ती एक.

पानं मांडली. मी वाढायला सुरुवात केली.

वास आला तशी गाणी थांबली. माणसं पानावर बसली होती, पण कोणी हात घालेना. मी पहिल्या ओळीत वाढलं, दुसऱ्या ओळीत एका म्हातारीनं पानावर हात आडवा धरला. म्हणाली, "भूक न्हाई, भाभी." शेजारचा म्हणाला, "मलाबी न्हाई." पोरांना आयांनी मांडीवर ओढून घेतलं. सगळे खाली बघत होते. माझ्याकडं कोणीच बघेना.

मी डेगेजवळ परत आले.  त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाचं बोलणं कानात घुमायला लागलं. मला वाटलं, रात्रीतून कोणीतरी या लोकांना समजावलं. इतके दिवस खाल्लं आणि आज यांना मी मुसलमान दिसले. मी विचारायला हवं होतं. पण विचारायला तोंड उघडावं लागतं. मी डेगेच्या मागं बसले आणि तोंडाला पदर लावला.

खिडकीतून साहेब बघत होते. पानं मांडलेली, भात वाढलेला, आणि म्हातारी-कोतारी, बाया, लेकरं हात मांडीवर ठेवून गप्प. थोड्या वेळानं कारकून पळत आला. "मास्तर, हे काय? नोटीस न देता उपोषण?"

मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब स्वतःच व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तरुण होते, घामाघूम झालेले. म्हाताऱ्या बायकांच्या ओळीकडं बघून म्हणाले, "अहो, यांच्यातलं कोणी चक्कर येऊन पडलं तर? अन्नावर राग कशाला काढता?"

हौसाबाई उभी राहिली. "राग न्हाई साहेब. पन आमी खानार न्हाई."

"किती दिवस?"

"वाघबारस होईस्तवर."

"लहान मुलंसुद्धा?"

"लेकरंबी न्हाई."

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही बाहेरच्या आहात. तुम्ही तरी सांगा यांना."

मी काय सांगणार? डोळे रडून लाल झालेले. मी नुसती मान हलवली आणि खाली घातली. साहेबांना वाटलं, मीही त्यांच्यात सामील आहे. मास्तरांनी उघडलेलं तोंड मिटलं. 

साहेब आत गेले. कचेरीत धावपळ सुरू झाली. फोन वाजायला लागले.

हौसाबाई माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. "भाभी, डोळं का लाल?"

"धूर गेला," मी म्हटलं.

तिनं डेगेखाली बघितलं. "धूर कुठला? जाळ तर कवाच काढलाईस."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्या हातचं नको होतं तर तसं सांगायचं होतं. मी डेगी घेऊन घरी गेले असते."

 तिनं कपाळावर हात मारला. "अगं बये! तुझ्या हातचं न्हवं. नवं हाय ते! नवं भात हाय! वाघोबाला दावल्याबिगर आमी नवं तोंडात घालत न्हाई. तू एवढ्या मायेनं केलंस, तुला कसं सांगायचं म्हनून समदी गप बसली. म्हातारी मला म्हनली, भाभीला वाईट वाटंल, भूक न्हाई म्हन."

मी म्हटलं, "आणि उपोषण?"

"कसलं उपोषन? आमी सकाळधरनं शिळी भाकर खाऊन बसलोय."

आम्ही दोघी त्या डेगेमागं पदरात तोंड घालून हसलो. हसताना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी कलथा दातांत धरला होता.

चहाच्या वेळेला साहेब कागद घेऊन बाहेर आले. त्यावर मोजणीची तारीख होती, वाघबारशीचीच, आणि मोजणी होईपर्यंत खड्डे खणू नयेत असं लिहिलं होतं. मी स्वतः येईन, असं ते सगळ्यांसमोर बोलले. शिपायानं बादलीभर लिंबाचं सरबत आणलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं पहिला पेला हौसाबाईला दिला. तिनं तो सगळा पिऊन टाकला. सरबताला नवं-जुनं काही नसतं.

"आता जेवा," साहेब डेगेकडं बोट दाखवून म्हणाले.

"घरी जाऊन जेवतो साहेब," मास्तर घाईघाईनं म्हणाले.

एवढ्या भाताचं काय करायचं? बंदोबस्ताचे पोलीस जेवले, कचेरीतले शिपाई जेवले, एसटी स्टँडवरचे हमाल आणि दर्ग्यापुढचे फकीर जेवले. एका हवालदारांनी तीनदा मागून घेतलं आणि म्हणाले, "उपोषणाला असा भात असेल तर आमची ड्यूटी रोज इकडंच लावा."

वाघबारशीला मी वाडीवर गेले. हौसाबाईनं बजावून सांगितलं होतं. साहेब खरंच आले. चढावर चार ठिकाणी बसले, पण आले. त्यांनी बांध बघितले, बांधावरचा जुना आंबा बघितला, साखळी धरून मोजणी केली आणि तिथंच सही केली. मग खाली वाघोबाच्या दगडापुढं भगतानं नव्या भाताची मूठ ठेवली, शेंदूर लावला, आणि सगळी वाडी जेवायला बसली. कालपर्यंत नव्या भाताकडं न बघणारी पोरं दोन्ही हातांनी खात होती.

साहेबांनी ते बघितलं. मग मास्तरांना विचारलं. मास्तर खोटं बोलणारे नव्हते. सगळं सांगितलं आणि म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोललो न्हाई, पण खरंबी बोललो न्हाई. सही खोडायची असंल तर खोडा."

साहेबांनी सहीचा कागद उलगडून बघितला. मग म्हणाले, "बांध तर खरे आहेत ना?"

"ते खरं हायत."

"मग मलाही एक पान वाढा."

पुढं कागद फिरायला आणखी काही वर्षं गेली, पण खड्डे पडले नाहीत आणि जमीन हौसाबाईच्या नावावर झाली. त्यानंतर मी वाडीच्या बऱ्याच बैठकांना, मोर्च्यांना डेग चढवली. शहरातून चांगले चांगले लोक यायचे, भाषणं करायचे. मला त्यांचं कौतुक वाटायचं, कारण ते मला जमणारं नव्हतं. एकदा माझा सत्कार ठेवला होता, तर मी धान्याच्या खोलीत जाऊन बसले आणि शाल यांना घ्यावी लागली. मी एकच गोष्ट शिकले. तांदूळ धुण्याआधी विचारायचं. आता लग्नघरीसुद्धा विचारते, लोकांना वाटतं बाईला काम येत नाही. वाटू दे.

राहिलं त्या पोत्याचं. गिरणीवाल्यांचे पैसे मी लग्नांच्या कामातून थोडे थोडे फेडले. कुणाला सांगितलं नाही. पण बाजारात काही झाकून राहत नाही. जमीन नावावर झाली त्या वर्षी हौसाबाई वरई विकून आली आणि माझ्यापुढं नोटा ठेवल्या. "पोत्याचं."

मी हात मागं घेतला. "मी माझ्या मनानं आणलं होतं. तुम्ही तर एक शीत खाल्लं नाही."

"म्हनून तर," ती म्हणाली. "खाल्लं असतं तर तुझं दान झालं असतं. न्हाई खाल्लं, ते उसनं ऱ्हायलं. नी त्या पोत्यानंच माझी मोजनी आनली. तवा त्या जमिनीतनंच फिटलं पायजे. मोळीच्या पैशातनं देनार न्हाई."

हे पडलं तिचं गणित. उताराची जमीन, आधी घरचं खाणं, मग उरेल ते विकणं. एखाद्या वर्षी शे-दोनशे रुपये यायचे, एखाद्या वर्षी काहीच नाही. पण वाघबारस झाली की ती यायचीच, पैसे नसले तर सांगायला यायची की यंदा न्हाई. किंमत विचारली तेव्हा मी लाजेनं निम्मी सांगितली होती. एके वर्षी तेवढे पैसे झाले, मी म्हटलं, फिटलं. ती म्हणाली, "खोटं नको बोलू भाभी. गिरनीवाल्या शेठला इचारून आलेय." आणि पुढं चालू ठेवलं. आमच्या घरच्यांना याची फार मजा वाटायची. म्हणायचे, "बँकसुद्धा इतकी वर्षं कुणाच्या दारात येत नाही."

मधल्या काळात तिनं दगड रचून खालच्या अंगाला पाणी अडवलं आणि एक खाचर तयार केलं. गेल्या साली त्यात पहिल्यांदा भात झाला. वाघबारशीला तिनं मला वाडीवर बोलावलं. आता चढताना मी पण चार ठिकाणी बसते. पूजा झाली होती, पानं मांडली होती, आणि पानावर तिच्या खाचरातला नवा भात वाफाळत होता. मी बसायला गेले तर म्हणाली, "थांब." कनवटीची पुरचुंडी सोडून तिनं माझ्या ओंजळीत ठेवली.

"मोज."

"राहू दे गं. तुझ्यावर विश्वास नाही का माझा?"

"मोज म्हंते ना. आमाला न इचारता कायबी करत जाऊ नको."

मास्तर थकलेत आता, भिंतीला टेकून बसले होते, तेही हसले. मी खाली बसले आणि सगळ्या वाडीदेखत मोजायला लागले. लाजेनं दोनदा चुकले, परत मोजले. पूर्ण होते.

"फिटलं?" तिनं विचारलं.

"फिटलं," मी म्हटलं. मग आम्ही दोघी शेजारी शेजारी जेवायला बसलो.